असोलाचा मुनाफ

सानिका आणि ओम,

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर मला एक जुनं गाणं दाखवलंत. तुमचा बाबा तरुणपणी गाताना कुणीतरी चित्रित केलेलं आणि आता नेटवर टाकलेलं. बाबाचे खांद्यापर्यंतचे केस बघून तुम्ही हसलात. मग ओमने विचारलं, "आजी, मागे गिटार वाजवणारा माणूस इतका रागावलेला का दिसतो?" मी तोंड उघडायच्या आत पलीकडून केदारचा, तुमच्या बाबाचा, आवाज आला, "कोणी नाही रे, गावातला एक मुलगा होता." आणि त्याने विषय बदलला.

मला गोष्टी जागच्या जागी लागतात. चुकीच्या कप्प्यात ठेवलेला चमचासुद्धा मला खटकतो. मुनाफला 'गावातला एक मुलगा' या कप्प्यात ठेवलेलं मला चालणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मी जन्मभर श्रीवर्धनच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण मुनाफ माझ्या इंग्रजीच्या पेपरात नापास झालेला आहे. त्याला पुन्हा तिथे नेऊन बसवणं बरं नाही. अडेल तिथे आईला विचारा.

ओम, तो रागावलेला नव्हता. तो जळत होता.

दुसऱ्याचं चांगलं बघवेनासं झालं की आपण म्हणतो, अमका जळतो. बहुतेक माणसं हे लपवतात. मुनाफ मात्र सर्दी झाल्याचं सांगावं तसं ते सांगायचा. फाटकातून आत येतानाच सुरुवात.

"बाई, आज मी जळलोय."

"कुणावर?"

"तुमच्या फणसावर. आमच्याकडं यंदा एक धरला न्हाय, आणि तुमचा बघा, बुंध्यापासून लागलाय. बघवत न्हाय मना."

"मग घेऊन जा एक."

"एकानं काय व्हनार? पण द्या." आणि फणस खांद्यावर घेऊन जाताना म्हणायचा, "आता जरा बरं वाटतंय."

तो शाळेत माझा विद्यार्थी, म्हणून कायम मला 'बाई'च म्हणत आला. त्यांचं घर आमच्या वाडीच्या मागच्या दगडी गडग्याला लागून. वडिलांचा सुपारीचा व्यापार, काका मस्कतला, आणि मामू मशिदीत बांग देणारे. मुनाफ उंच, काटकुळा. गिटारच्या पट्ट्याने त्याचा डावा खांदा पुढे-पुढे खालीच राहायला लागला. तारा छेडायला तो करवंटीचा तुकडा दगडावर घासून घासून स्वतः करायचा. दुकानातल्या प्लास्टिकच्या चकत्या त्याच्या मते 'शहरी आवाज' काढत. आणि त्याचं जळणं मोठं नेमकं असे. जयेशच्या मनगटावर तो जळायचा, जयेशवर नाही. केदारच्या वरच्या सुरावर जळायचा, खालच्या सुराला नावं ठेवायचा. पुढे तालुक्यातली गाणारी-वाजवणारी पोरं आपलं नवं काही त्याला ऐकवायला येत आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारत, "मुनाफभाई जळला काय?" तो जळला नाही, तर ते गाणं तिथेच सोडून देत.

आता बँडबद्दल. नाव 'असोला'. सोलला नाही, काथ्यासकट आहे, तो नारळ असोला. नाव मुनाफचं. "वरनं काय दिसत न्हाय, आत पानी हाय," असं त्याचं स्पष्टीकरण. केदार गायचा आणि गाणी लिहायचा. मुनाफ गिटार वाजवायचा. एसटी डेपोतल्या म्हात्र्यांचा जयेश ड्रम वाजवायचा. त्यांच्या संगीताला लोक अल्टरनेटिव्ह रॉक म्हणत. मला पहिल्या दिवशी ते पत्र्यावर नारळ पडल्यासारखं वाटलं आणि मी तसं म्हटलंही. मुनाफ खूश झाला. "बाई, हे कोकनातलं हाय, मग दुसरं काय वाटनार?"

त्यांचा सराव मुनाफच्या वडिलांच्या सुपारीच्या गोदामात चाले. चहूकडे छतापर्यंत गोणी रचलेल्या असल्या की आवाज आतल्या आत मुरायचा आणि शेजाऱ्यांना त्रास होत नसे. वडिलांची अट एकच होती. संध्याकाळची बांग सुरू झाली की जिथे असाल तिथे थांबायचं. ते थांबत. मुनाफ तळहात तारांवर सपाट ठेवी, जयेश काठ्या मांडीवर घेई, केदार खाली बघत उभा राही. मामूंचा आवाज मोठा नव्हता, पण लांब होता. प्रत्येक ओळीनंतर ते शांतपणे श्वास घेत. बांग संपली की तिघं, एक-दोन-तीन न म्हणता, सोडलं होतं तिथूनच पुढे जात. मी चहा घेऊन गेले होते तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

'पलीकडची बत्ती' हे त्यांचं गाणं, म्हणजे तुम्ही मला दाखवलंत तेच, त्या गोदामात पावसाळ्यानंतरच्या दिवसांत रचलं गेलं. चहा घेऊन ते रोज सुरू करत आणि दुसरं कडवं संपता संपता बांग होई. असे आठवडे गेले. गाणं तयार झालं तेव्हा तिघांच्याही अंगात ते थांबणं इतकं मुरलं होतं की भर दुपारी वाजवलं तरी दुसऱ्या कडव्यानंतर त्यांचे हात आपोआप थांबत. मधे काही नाही, नुसती शांतता, मामूंच्या बांगेएवढी. मग पुन्हा तिघं एकदम.

हे गाणं घेऊन ते मुंबईच्या एका स्पर्धेत गेले. थांबायचं ठरवलं नव्हतं, पण थांबले. लोकांना वाटलं वीज गेली. मग वाटलं गाणं विसरले. मग कुणालाच काही वाटेना, सगळे गप्प झाले. आणि तिघं एकदम पुढे निघाले तेव्हा हॉल उठून उभा राहिला म्हणे. पहिला नंबर आला. गाण्याची ध्वनिफीत निघाली, पुण्या-बंगळुरूला कार्यक्रम झाले. श्रीवर्धनच्या बाजारात मला लोक 'केदारची आई' म्हणू लागले.

मग केदारची एका वर्तमानपत्रात मुलाखत आली. गाण्यातल्या शांततेबद्दल विचारलं, तर तुमच्या बाबाने सांगितलं, "ती मला सुचली. समुद्राकडे बघताना."

त्या दिवशी मुनाफ ओटीवर आला, तो 'जळलोय' म्हणाला नाही. बसला. मी पोहे दिले, ते संपवले, आणखी मागितले, तेही संपवले.

"बाई, तुमच्या पोराला शांतता सुचली."

"वाचलं मी."

"माझा मामू आख्खा जनम बांग देतोय. ती ह्याला समुद्राकडं बघताना सुचली."

"मुलाखतीत माणूस काहीतरी बोलून जातो रे."

"मीपन मुलाखतीत बसलो होतो बाजूला. मना इचारलं, तुमी कुठली गिटार वापरता." त्याने ताटली बाजूला सरकवली. "मामूला मी वाचून दावलं. मामू म्हनला, पोरगा खोटं न्हाय बोलला, त्याला तिथंच ऐकायला आली असंल. मामू जळतच न्हाय कुनावर. माझ्यात हे आलं कुठून, कळत न्हाय."

मी त्याची समजूत घातली खरी, पण त्या वेळी मला माझंच काही वेगळं बोचत होतं, तेही सांगते. त्या वर्षांत केदार माझ्या घरी झोपायला येई आणि राहायचा मात्र मुनाफकडे. आमच्याकडे मासे होत नाहीत, हे एक निमित्त. पण मुनाफच्या आईची, म्हणजे त्याच्या चाचीची, सांदणं, मुनाफच्या बहिणीचे विनोद, मुनाफच्या वडिलांची छत्री, सगळं त्याच घरचं. एकदा मी मुद्दाम नारळाच्या दुधात तांदळाचा रवा भिजवून सांदणं वाफवली. केदारने दोन खाल्ली आणि म्हणाला, "चांगली झालीत, चाचीसारखी नाहीत." असं वाक्य आई विसरत नाही.

पुढचं उतरणीचं थोडक्यात सांगते. एका कंपनीने दुसरी ध्वनिफीत काढायला त्यांना मुंबईच्या स्टुडिओत नेलं. तिथे गोणी नव्हत्या आणि बांगही ऐकू येत नव्हती. आवाज स्वच्छ आला आणि गाणी पडली. कंपनीने सांगितलं, गायक ठेवू, बाकीचे आमचे घेऊ. केदारने होकार दिला. मुनाफने त्याला एका शब्दाने अडवलं नाही. नुसतं म्हणाला, "जा. तिकडं कोन भेटेल त्याच्यावर मी जळीन." वर्षभरात कंपनीने केदारलाही सोडलं. मग त्याने नोकरी धरली, लग्न केलं, कॅनडा. बाकीचं तुम्हाला माहीत आहे, कारण त्यानंतर तुम्हीच आलात. जयेश पेणला गेला; आज त्याचे ट्रक आहेत.

मुनाफने बँड बंद केला नाही. नवा गायक शोधायला लागला. पोरं येत, गोदामात गात, परत जात. एक दिवस आगरदांड्याचा एक मुलगा आला. मी वाडीत होते. त्याचा आवाज गोणींतून बाहेर आला आणि मी हातातलं काम ठेवून ऐकत राहिले. केदारपेक्षा चांगला. आई असून सांगते.

संध्याकाळी मी मुनाफला विचारलं, "घेतलास ना त्याला?"

"न्हाय."

"का? जळला नाहीस?"

"जळलो तर. पार राख झाली."

"मग?"

तो बराच वेळ करवंटीचा तुकडा दगडावर घासत बसला. "त्याला घेतला आनि उद्या केदार आला परत, तर त्याला कुठं बसवू?"

असोला असा बुडाला. श्रीवर्धनात लोक सांगतात की पैशावरून भांडले, कुणी सांगतं मुलीवरून. मी सांगते ते खरं आहे. मुनाफने एक जागा रिकामी ठेवली आणि ती धरून बसला.

मग आम्ही दोघंच उरलो, मी आणि तो. तुमचे आजोबा गेल्यावर तो रोज यायचा. ओटीवर बसायचा आणि विचारायचा, "आला काय फोन?"

"काल आला."

"किती बोलला?"

"बरंच बोलला. सानिकाला दात आलाय."

"मना शनवारी आला होता. दाताचं न्हाय बोलला." मग थोड्या वेळाने, "काय काय बोलला, सगळं सांगा."

कधी उलटं व्हायचं. केदारने त्याला कुठलं तरी नवं गाणं पाठवलेलं असायचं आणि मला नाही. तो मुद्दाम माझ्यासमोर हेडफोन लावून ऐकायचा. मी विचारायचे नाही. तो सांगायचा नाही. शेवटी मीच म्हणायचे, "दे इकडे." एकाच माणसाची वाट बघणारी दोन माणसं एका बाकावर बसली की प्रेमाने वागतात असं नाही. पण उठूनही जात नाहीत.

कॅनडाच्या बर्फावर तो जळायचा. केदारच्या शेजाऱ्यांवर जळायचा. तुमच्या आईवर तर सुरुवातीला फार जळायचा, लग्नात सनई चालू असताना तिच्याकडे बघून त्याने म्हटलं होतं, "हिला सूर तरी कळतो काय?" पुढे तुमच्या आईने त्याला स्वतःहून फोन केला, तेव्हापासून तिला माफ केलं.

आता ती संध्याकाळ. चार वर्षांपूर्वी 'पलीकडची बत्ती' अचानक तरुण मुलांमध्ये फिरायला लागलं. अलिबागजवळच्या एका मैदानावर मोठा संगीत महोत्सव होता. आयोजकांनी केदारला बोलावलं. वादक त्यांचे, मुंबईचे. मुनाफला निरोप आला: एका गाण्यापुरते पाहुणे म्हणून या.

मुनाफ आठ दिवस आमच्याकडे फिरकला नाही. मीच गेले. गोदामाच्या पायरीवर बसला होता.

"माझ्याच घरात मना पाव्हना म्हनून बोलवतायत, बाई."

"मग जाऊ नकोस."

"न जाऊन कसं? हितं बसून जळलो तर धूर कुनाला दिसनार?" आणि वर न बघता, "त्याला ते आठवत असंल काय? मदलं थांबनं?"

त्याला काय हवं होतं, ते मला तेव्हा नीट कळलं. नाव नको होतं, टाळ्या नको होत्या. एवढंच बघायचं होतं की केदारच्या अंगात ते अजून आहे की नाही. मामू त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वारले होते. मशिदीत आता दुसरे बांग देत होते, त्यांचा आवाज मोठा आणि श्वास आखूड.

मला मंचाच्या बाजूला खुर्ची दिली होती. ऊन उतरलं होतं. मुनाफला त्याच्या गाण्याला बोलावलं, तो इस्त्रीच्या शर्टात येऊन एका कडेला उभा राहिला. केदारने त्याला मिठी मारली. मुनाफ खांबासारखा उभा. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि थांबले.

मुंबईच्या ड्रमरने ध्वनिफितीवरून ती शांतता मोजून ठेवली होती. पण ध्वनिफीत काढणाऱ्यांनी ती कापून अर्धी केलेली होती, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? त्याचे आकडे संपले आणि त्याने काठी हाणली. केदारने गायला तोंड उघडलं.

मुनाफचा तळहात तारांवर सपाट होता. तो हलला नाही.

केदारने त्याच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. ड्रमर दोन ठोके वाजवून गोंधळून थांबला. एका वादकाने केदारला खूण केली, त्याने मान हलवून नाही म्हटलं आणि तो खाली बघत उभा राहिला, गोदामात राहायचा तसा. मैदानावर आधी शिट्ट्या झाल्या, मग कुजबूज, मग तीही संपली. मी घड्याळ बघितलं नाही. मी त्या दोघांना बघत होते. ते एकमेकांकडे बघत नव्हते, आणि एकच आवाज ऐकत होते. त्या आवाजाचा माणूसही आता नव्हता. त्या क्षणी मी मुनाफवर जितकी जळले तितकी आयुष्यात कुणावर जळले नाही. माझ्या घरातलं काय केदारच्या अंगात असं उतरलं होतं?

मग मुनाफचा हात उठला आणि त्याच क्षणी केदारचा सूर लागला. इशारा नाही, मोजणं नाही.

कार्यक्रमानंतर मैदानाबाहेर आम्ही चहा घेत होतो. जयेश पेणहून आला होता, तो रडून डोळे लाल करून बसला होता. केदारभोवती मुलं जमली होती. मुनाफ माझ्याशेजारी बसला.

"आठवतं त्याला," मी म्हटलं.

"व्हय. बरोबर आठवतं. एक श्वास हिकडं-तिकडं न्हाय."

"मग आनंद झाला ना तुला?"

त्याने कप खाली ठेवला. "न्हाय झाला, बाई. तो इसरला असता तर मी भांडलो असतो, मग बरं वाटलं असतं. मना वाटायचं, हे आता एकट्या माझ्याकडं हाय."

दुसऱ्या दिवशी घरी केदार भाकरी मोडत बसला होता, खात नव्हता. तोच म्हणाला, "आई, काल तो सुरूच करेना, तेव्हा मला वाटलं, नाही केलं तरी चालेल, मी असाच उभा राहीन. मी इतकी वर्षं त्याच्यावर जळत आलोय. गाणारे पुष्कळ भेटतात. कधी थांबायचं ते त्यालाच कळायचं. आणि मी सांगून मोकळा झालो की ते मला सुचलं."

"हे त्याला सांग."

"सांगितलं काल."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मना माहीत हाय, पुन्ना एकदा सांग."

मुनाफ मस्कतला गेला तो त्यानंतरच्या उन्हाळ्यात. काकांच्या मुलाने तिकडे कार्यक्रमांना ध्वनियंत्रणा पुरवायचा धंदा काढला होता, त्याला कानाचा माणूस हवा होता. मी त्याला पोचवायला दिघीला गेले. पलीकडे आगरदांड्याला उतरून तो मुंबईला जाणार होता. फेरीबोटीत मोटारसायकली चढत होत्या. त्याने गिटार पाठीवर घेतली, एक बॅग, आणि अम्मीने बांधून दिलेला डबा.

"आता तुमची मजा हाय, बाई. केदार आख्खा तुमच्या वाट्याला."

"तो येताना मस्कतला उतरेल," मी म्हटलं. म्हणायचं नव्हतं, पण म्हणून गेले.

तो वळला. इतकी वर्षं मी त्या चेहऱ्यावर सगळ्या जातीची जळजळ पाहिली होती. त्या दिवशी त्यावर काहीच नव्हतं, धुतलेल्या पाटीसारखा कोरा. "खरंच उतरंल?" एवढंच विचारलं. बोटीच्या माणसाने साखळी ओढली. मुनाफ दोन मोटारसायकलींच्या मधे कठड्याला टेकून उभा राहिला, खांदा खाली, आणि बोट आगरदांड्याकडे निघाली. तेव्हापासून तो गावी आलेला नाही.

असोला बँड आता नाही. गोदाम मुनाफच्या भावाने पाडून तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. जयेशने ड्रम विकले. गाणं आहे, ते तुम्ही ऐकलंच. आणि तुमचा बाबा एकटा भारतात येतो तेव्हा मस्कतवरून येतो, तिथे दोन दिवस राहतो, आणि श्रीवर्धनला पोचतो तेव्हा माझ्या वाट्याचे दिवस तेवढे कमी झालेले असतात.